तुम्ही विचारलंत म्हणून: लाकडी क्रिस-क्राफ्ट इतकी वर्षं टिकते कशी?

डेट्रॉइट आणि आसपासची मराठी मंडळी उन्हाळ्यात सेंट क्लेअर तळ्याकडे फिरायला गेली की कधी ना कधी त्यांना ती बोट दिसते. लालसर तपकिरी, आरशासारखी चकाकणारी, डेकवर पांढऱ्या बारीक रेघा, बाजूला तिरप्या अक्षरात ‘क्रिस-क्राफ्ट’. मालक सांगतो की बोट १९४० च्या सुमाराची आहे, आणि मग प्रश्न येतो: लाकूड पाण्यात ८० वर्षं टिकतं कसं? ही बांधली कोणी?

टिकत नाही, हे खरं उत्तर. त्या बोटीचा तळ बहुधा एकदा तरी पूर्ण बदललेला असतो, कधी दोनदा. स्क्रू बदललेले असतात, डेकच्या काही फळ्या नव्या असतात, व्हार्निश तर दर वर्षी नवं असतं. हे सगळं बदलूनही बोट तीच राहते, कारण ती बांधणाऱ्या स्मिथ घराण्याने एका मॉडेलच्या बोटी एकसारख्या बांधल्या आणि प्रत्येकीची नोंद ठेवली. त्यामुळे तुमचे दोन्ही प्रश्न एकच आहेत. कारखान्याचा इतिहास समजल्याशिवाय दुरुस्ती समजत नाही.

क्रिस्टोफर कोलंबस स्मिथ यांचा जन्म १८६१ चा. गाव अल्गोनॅक, मिशिगन राज्यात, सेंट क्लेअर नदीच्या काठी. नदी पुढे तळ्याला मिळताना तिला फाटे फुटतात, दलदल आहे, बदकांचे थवे येतात. क्रिस आणि त्यांचा भाऊ हेन्री बदकांची शिकार करायचे, शहरातून येणाऱ्या शिकाऱ्यांना वाट दाखवायचे, लाकडाची नकली बदकं कोरायचे आणि या कामाला लागणाऱ्या होड्या स्वतःच बांधायचे. क्रिस यांची पहिली होडी १८७४ ची मानतात, म्हणजे वय १३. शिकारीची होडी हलकी हवी, उथळ पाण्यात चालायला हवी आणि बसलेला माणूस हलला तरी शांत राहायला हवी. पाण्यावर होडी कशी बसते हे त्यांना कागदावरून शिकावं लागलं नाही.

पेट्रोलचं इंजिन आलं तेव्हा त्यांनी ते होडीत बसवलं आणि तिथून वेगाचं वेड सुरू झालं. १९१० च्या सुमारास सिनसिनाटीचे नाट्यगृह-मालक जॉन ‘बाल्डी’ रायन यांच्या पैशावर शर्यतीच्या बोटी झाल्या. रायन यांचा पैसा संपला. १९१५ मध्ये डेट्रॉइटच्या लोकांनी वर्गणी काढली, तिच्यातून ‘मिस डेट्रॉइट’ बांधली गेली आणि तिने न्यूयॉर्कजवळच्या मॅनहॅसेट बेमध्ये गोल्ड कप ही मोटरबोटींची मोठी शर्यत जिंकली. तरी वर्गणीदारांवर कर्ज उरलंच. पुढच्याच वर्षी गार वुड यांनी ती बोट आणि स्मिथ यांच्या कारखान्यातला मोठा हिस्सा विकत घेतला. ट्रकचा हौदा हायड्रॉलिकने उचलायची यंत्रणा काढून पैसा मिळवलेला हा माणूस. त्याने १९१७ ते १९२१ असे सलग पाच गोल्ड कप घेतले आणि १९२० मध्ये ‘मिस अमेरिका’ इंग्लंडला नेऊन मोटरबोटींच्या आंतरराष्ट्रीय शर्यतीचा हार्म्सवर्थ करंडक आणला. बोटी स्मिथ मंडळींच्या हातच्या.

या शर्यतींबद्दल लोक फार बोलतात. माझ्या मते घराण्याचा खरा इतिहास १९२२ मध्ये सुरू होतो, जेव्हा स्मिथ पितापुत्र वुड यांच्यापासून वेगळे झाले आणि ‘क्रिस स्मिथ अँड सन्स बोट कंपनी’ काढली. शर्यतीची बोट एका श्रीमंताच्या एका हौसेसाठी असते. पुढच्या वर्षी ती जुनी. या वेळी त्यांनी २६ फुटी एकच मॉडेल धरलं आणि तेच पुन्हा पुन्हा बांधायचं ठरवलं. वाक, म्हणजे बोटीच्या आडव्या फासळ्या, एका साच्यावर कापायचे. फळ्यांचे आकार ठरलेले. गिऱ्हाईक आलं की त्याच्यासाठी नवी बोट आखायची नाही, तयार असलेली दाखवायची. डेट्रॉइटमध्ये मोटारी ज्या रीतीने बनत होत्या ती रीत शेजारच्या गावातल्या सुतारांनी उचलली.

इंजिनाचं गणित क्रिस यांचा थोरला मुलगा जे स्मिथ याने सोडवलं. पहिलं महायुद्ध संपल्यावर सरकारकडे कर्टिस ओएक्स-५ ही विमानाची इंजिनं हजारोंनी पडून होती. आठ सिलिंडर, ९० अश्वशक्ती आणि किंमत मातीमोल. पण विमानाच्या इंजिनाला उलटा गिअर नसतो आणि ते रेडिएटरवर थंड होतं. बोटीला धक्क्याला लागताना मागे जावं लागतं, आणि थंड करायला खाली अख्खी नदी असते. जे यांनी ही इंजिनं बोटीसाठी बदलून घेतली, नाव दिलं स्मिथ-कर्टिस. स्वस्त इंजिन मिळालं म्हणून बोट स्वस्त झाली, आणि बोट स्वस्त झाली म्हणून ती लखपतींच्या खाली उतरून डॉक्टर-वकील-दुकानदारांपर्यंत पोचली. ‘क्रिस-क्राफ्ट’ हे आधी बोटींचं नाव होतं. १९३० मध्ये तेच कंपनीचं झालं. क्रिस १९३९ मध्ये गेले तेव्हा सूत्रं आधीच जे यांच्या हातात होती.

आता बोटीकडे वळू, कारण टिकण्या-न टिकण्याचं कोडं तिथे आहे.

क्रिस-क्राफ्टच्या रनअबाउटचा, म्हणजे उघड्या वेगवान बोटीचा, तळ दुहेरी असतो. वाकांवर आधी पातळ फळ्यांचा आतला थर, बहुतेकदा तिरका ठोकलेला. त्यावर लुकणात भिजवलेलं कॅनव्हासचं कापड. त्यावर बाहेरचा थर, महागनीच्या फळ्या नाळेपासून (बोटीच्या पुढच्या टोकापासून) मागपर्यंत लांबीत. दोन थरांचे सांधे एकमेकांवर येत नाहीत, म्हणून पाण्याला सरळ वाट नाही. बाजूच्या फळ्या एकेरी, पण दोन फळ्यांच्या प्रत्येक सांध्यामागे आतून एक लांब पट्टी असते आणि दोन्ही फळ्या तिला स्क्रूने धरलेल्या असतात. आपल्याकडच्या जुन्या होडीसारखा फटीत कापूस ठोकावा लागत नाही.

महागनी म्हणतो ती बरीचशी फिलिपिन्सची. वनस्पतिशास्त्राने ती महागनी नाहीच. आपल्या सालवृक्षाच्या कुळातली झाडं ती. पण सरळ, लांब, गाठी नसलेल्या फळ्या तिच्यातून मोठ्या संख्येने निघतात आणि रंग चढवल्यावर ती देखणी दिसते. एकसारखी बोट बांधायची तर एकसारखं लाकूडही हवं.

ही बोट कोरडी असताना गळतेच. हिवाळाभर ती शेडमध्ये असते, लाकूड सुकतं, आक्रसतं, सांधे उघडतात. कोकणात पावसाळ्यात वर ओढून झापांखाली ठेवलेल्या होड्यांनाही सुकण्याचा हा त्रास होतो. वसंतात बोट पाण्यात सोडताना पट्ट्यांमध्ये टांगून एक ते तीन दिवस अर्धवट तरंगत ठेवायची, पंप चालू ठेवायचा. लाकूड पाणी पितं, फुगतं, सांधे मिटतात. पहिल्या तासाला आत येणारं पाणी पाहून नवा मालक घाबरतो आणि बाहेरून फटीत घट्ट लुकण भरतो. हे करू नका. फळी फुगल्यावर तिला जायला जागा उरत नाही. मग ती स्क्रू उपटते किंवा वाक फोडते. एका शनिवारची घाई अशी वर्षभराचं काम वाढवते.

तळ मरतो तो मधल्या कापडापासून. चाळीसेक वर्षांत ते लुकण वाळून जातं, कापड कुजतं आणि दोन थरांमध्ये पाणी अडकून राहतं. बाहेरची फळी ठणठणीत दिसते, आतला थर भुसा झालेला असतो. म्हणून जुनी बोट घेताना रंग पाहून ठरवू नका. हातोडीच्या लाकडी दांड्याने तळ ठोकत जा. चांगलं लाकूड खणखणीत बोलतं, कुजलेलं बद्द. आतून वाकांच्या बुडाला, नाळेच्या तळाशी, चाइनला (तळ आणि बाजू मिळतात ती कड) आणि ट्रान्समच्या (बोटीची मागची आडवी भिंत) कोपऱ्यांत टोच्या खुपसून बघा. आणि पाण्याखालचे चार-पाच स्क्रू काढून हातात घ्या. जुने स्क्रू पितळी असतात. पितळ म्हणजे तांबं आणि जस्त. पाण्यात, विशेषतः खाऱ्या पाण्यात, त्यातलं जस्त निघून जातं. उरतो तो गुलाबी, ठिसूळ, मधेच बारीक झालेला स्क्रू. तो दिसला की बाकीचे हजारो स्क्रू तसेच आहेत असं समजा. नवे घालायचे ते सिलिकॉन-ब्रॉन्झचे.

कुजण्याचं मूळ मात्र नदीचं पाणी फारसं नसतं, पावसाचं असतं. डेकच्या सांध्यातून थेंब थेंब आत येणारं गोडं पाणी हवा न खेळणाऱ्या कोपऱ्यात साचतं आणि बुरशीला तेच हवं असतं. वाकांच्या खाली पाणी मागे वाहून जाण्यासाठी छोटी छिद्रं ठेवलेली असतात. पानं, रंगाचे पोपडे, ग्रीस यांनी ती बुजली की प्रत्येक वाकापुढे एक डबकं तयार होतं. वर्षातून दोनदा तार घालून ही छिद्रं मोकळी करायला दहा मिनिटं लागतात, आणि याहून स्वस्त दुरुस्ती या बोटीत दुसरी नाही.

तळ नवा करायचा तर आज दोन मार्ग आहेत. एक मूळ पद्धत: फळ्या, कापड, लुकण, आणि दर वर्षी भिजवणं. दुसरा, जो बहुतेक लोक घेतात: आतला थर मरीन प्लायवूडचा, प्रत्येक लाकडाला चहूबाजूंनी पातळ इपॉक्सी पाजलेलं, आणि दोन थरांमध्ये कापडाऐवजी ३एम ५२०० हे रबरासारखं राहणारं पॉलियुरेथेन चिकटवण. अशा तळाला भिजवावं लागत नाही. बोट थोडे दिवस पाण्यात, बाकी ट्रेलरवर राहणार असेल तर हाच बरा. मी तरी वर्षाचे चार महिने सलग पाण्यात राहणाऱ्या बोटीलाही हाच सुचवीन, कारण दर वसंतातलं आकसणं-फुगणं स्क्रूंना सैल करतं.

काम असं चालतं. बोट उलटी करण्याआधी आतून आडव्या-तिरक्या पट्ट्या ठोकून तिचा आकार जखडायचा. तळ काढल्यावर बाजूंना धरून ठेवणारं काही उरत नाही आणि बोट पसरते. मग बाहेरचा थर, कापड, आतला थर या क्रमाने काढायचं. फळ्या फुटल्या तरी फेकायच्या नाहीत, त्यांवरूनच नव्या आखायच्या. कणा, चाइन, वाक तपासून जे मऊ असेल ते बदलायचं, पण सगळे वाक एकदम नाही. एक काढा, नवा बसवा, मग पुढचा. नाहीतर मोजमाप कशाला धरायचं हेच राहत नाही. प्लायवूड बसल्यावर बाहेरच्या फळ्या एकेक करून लावायच्या, ५२०० एका फळीपुरतंच पसरायचं, दातेरी पातीने, स्क्रू कसताना कडेने ते बाहेर आलं पाहिजे. न आलं तर आत पोकळी आहे. पूर्ण वाळायला पाच ते सात दिवस द्या.

या सगळ्यात एक तपासणी कधी चुकवू नये. तळाच्या मागच्या पाच-सहा फुटांवर सरळ पट्टी लांबीत धरा. तिथे तळ अगदी सरळ हवा. मधे खोलगट असेल तर वेगात मागचा भाग उचलला जातो, नाळ पाण्यात दबते आणि बोट वळताना फसवते. मधे फुगीर असेल तर उलटं: नाळ उसळते, आपटते, पुन्हा उसळते. पुष्कळ बोटींना ही खोड ट्रेलरमुळे लागते. दोन वाकांच्या मधे एकाच रोलरवर सगळा भार आला की तळ तिथे दबतो. म्हणून आधार लांब फळ्यांचा द्यावा, बोटीतल्या लांब वाशांच्या बरोबर खाली. नवा तळ वाकड्या आधारावर घातला तर पैसे खर्चून वाकडेपणा पक्का होतो.

बाजूच्या आणि डेकच्या फळ्यांत प्रत्येक स्क्रूच्या डोक्यावर लाकडाचं बूच असतं. बुचाची रेषा फळीच्या रेषेला समांतर बसवायची आणि ते गोंदाने नाही, व्हार्निशने बसवायचं, कारण पुढच्या माणसाला ते काढायचं आहे. बूच काढल्यावर स्क्रूच्या डोक्यातली खाच स्वच्छ केल्याशिवाय पेचकस लावू नका. एकदा खाच घसरली की स्क्रू कोरून काढावा लागतो.

व्हार्निशबद्दल सगळ्यात जास्त विचारतात, म्हणून आकडे देतो. ८० च्या पॉलिश कागदाने सुरुवात, १२० वर थांबायचं. त्याहून गुळगुळीत केलं तर रंग लाकडात शिरत नाही. मग महागनीचा फिलर-स्टेन, म्हणजे लाकडाची भोकं भरणारा आणि रंग देणारा दाट लेप. ब्रशने लावायचा, चकाकी जाऊन तो धुरकट दिसू लागला की गोणपाटाने रेषांच्या आडवा घासून पुसायचा. रेषांच्या दिशेने पुसलं तर भोकांत भरलेलं निघून येतं. दोन दिवस वाळू द्या. लवकर व्हार्निश लावलं तर खालचा ओलेपणा अडकतो आणि वर ढगाळ डाग येतात. पहिला हात अर्धा पातळ केलेला, दुसरा पाव, मग सरळ डब्यातलं. दहा-बारा हात होईपर्यंत थांबू नये, दर एक-दोन हातांनी २२० चा आणि शेवटी ३२० चा कागद. व्हार्निश सुंदर दिसतं हे खरं, पण त्याचं काम लाकडावर ऊन पडू न देणं आहे. उन्हाने ते दर वर्षी थोडं झिजतं, म्हणून दर वर्षी एक-दोन हात. एक वर्ष सोडलं, बारीक तडा गेला, पाणी शिरलं की खाली काळा डाग उमटतो. तो ऑक्झॅलिक आम्लाने फिका होतो, पण त्यासाठी तिथलं सगळं खरवडून उघडं करावं लागतं.

इंजिनाचं एकच सांगतो, पण ते जिवाचं आहे. पेट्रोलची वाफ हवेपेक्षा जड असते, ती बोटीच्या पोटात साचते. सुरू करण्याआधी पोटातली हवा बाहेर फेकणारा पंखा निदान चार मिनिटं चालवायचा, मग झाकण उघडून वास घ्यायचा, मग किल्ली फिरवायची. जुना सुटा भाग मिळत नाही म्हणून मोटारीचा स्टार्टर किंवा कार्बुरेटर बसवू नका. बोटीच्या भागांना ठिणगी आणि ज्वाला आत कोंडून ठेवायची सोय असते, मोटारीच्या भागांना ती लागत नाही. दुसऱ्या महायुद्धाआधीच्या आणि नंतरच्या हजारो बोटींत कंपनीचं ‘के’ इंजिन आहे: हर्क्युलिसच्या ब्लॉकवर बांधलेलं, सहा सिलिंडर, ९५ अश्वशक्ती. याचे भाग आजही मिळतात, कारण तेच इंजिन इतक्या बोटींत गेलं.

दुसऱ्या महायुद्धात हेच कारखाने (अल्गोनॅकबरोबर मिशिगनमध्येच हॉलंड आणि कॅडिलॅक इथे नवे झाले होते) सैन्य किनाऱ्यावर उतरवणाऱ्या ३६ फुटी बोटी हजारोंनी बांधू लागले. साच्यावर काम करायची सवय होती म्हणूनच ते जमलं. युद्धानंतर लगेच चांगली महागनी मिळेना. त्या वर्षांतल्या काही बोटींच्या बाजू दुसऱ्या लाकडाच्या आणि कारखान्यातूनच रंगवलेल्या आहेत. आत महागनी असेल या आशेने रंग खरवडणाऱ्यांनी आधी कागद पाहावेत. १९५० पासून कंपनीने घरी बांधायचे संचही विकले, ८ फुटांच्या छोट्या होडीपासून पुढे: कापलेलं प्लायवूड, स्क्रू, सूचना. तुम्हाला कोणी ‘अस्सल क्रिस-क्राफ्ट’ फार स्वस्तात देत असेल तर ती अशा संचातली आहे का ते विचारा. वाईट असते असं नाही, पण ती कारखान्याने बांधलेली नसते.

मग इतकं चाललेलं असताना विकली का? १९६० मध्ये तिसऱ्या पिढीतल्या, जे यांचा मुलगा हार्सन स्मिथ यांच्या काळात, घराण्याने कंपनी एनएएफआय या उद्योगसमूहाला ४ कोटी डॉलरना विकली. फायबरग्लास दारात उभा होता. कंपनीने १९५५ च्या ‘कोब्रा’ या बोटीवर त्याचं सोनेरी पर लावून पाहिलं होतं, पण ३८ फुटी ‘कमांडर’ ही पूर्ण फायबरग्लासची मोठी बोट आली ती विक्रीनंतर, १९६४ मध्ये. माझं मत असं की स्मिथ मंडळींनी वेळ बरोबर ओळखली. ज्यांचं सगळं कसब लाकूड एकसारखं करण्यात गेलं, त्यांच्यापुढे असा पदार्थ आला जो साच्यातून आपोआपच एकसारखा निघतो. सुतारांनी भरलेले कारखाने त्यासाठी बदलायला त्यांचा स्वतःचा पैसा घालावा लागला असता. १९७० च्या दशकाच्या सुरुवातीला लाकडी बोटी बंद झाल्या. नाव पुढे अनेक मालकांकडे फिरलं. २०१८ पासून ते विनेबागो या कंपनीकडे आहे आणि फ्लोरिडात सॅरासोटाला बोटी बनतात, फायबरग्लासच्या.

जुनी बोट समोर असेल तर शेवटी तिचा नंबर शोधा. दुसऱ्या महायुद्धानंतरच्या बोटींत ‘यू-२२’ किंवा ‘आर-१७’ असा आरंभ, त्यात अक्षर मॉडेलचं, आकडा फुटांचा, आणि पुढे त्या बोटीचा अनुक्रमांक. कारखाना प्रत्येक बोटीचं एक कार्ड ठेवत असे: इंजिन कोणतं, रंग कोणता, कोणत्या तारखेला कोणत्या विक्रेत्याकडे गेली. ती कार्डं आज व्हर्जिनियात न्यूपोर्ट न्यूज इथल्या मरिनर्स म्युझियमच्या संग्रहात आहेत आणि शुल्क भरून प्रत मिळते. बोट विकत घ्यायच्या आधी ती प्रत मागवा. कार्डावरचा इंजिन नंबर आणि बोटीतला नंबर जुळला नाही तर ती बोट टाकाऊ ठरत नाही, पण किंमत तेवढी कमी करून मागा. संचातून बांधलेल्या बोटींना असं कार्ड नसतं.